बंद स्टेशन

सहावीत असताना शाळेची सहल बाणूरगडावर गेली होती. गड शेजारच्या खानापूर तालुक्यात, पण आम्हा आटपाडीच्या पोरांना तो घरचाच. गुरुजींनी एका समाधीपुढं उभं केलं. "ही बहिर्जी नाईकांची. महाराजांचे हेर." मी विचारलं, "गुरुजी, त्यांनी काय काय केलं?" गुरुजी म्हणाले, "ते सगळं कळलं असतं तर हेर कसले?" पोरं हसली. मला वाटलं, गुरुजींनी उत्तर टाळलं.

पुढं वाचनालयात सभासदाची बखर मिळाली, १६९७ साली जिंजीत लिहिलेली. बहिर्जी त्यात सुरतेची बातमी घेऊन येतात. महाराजांनी १६६४मध्ये लुटलेली सुरत सगळ्यांना ठाऊक. ती आधी न्याहाळून आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र मोजक्या ओळी. गुरुजींचं बरोबर होतं.

आमच्याकडची पोरं जातात तसा मीही गलाईच्या धंद्यात लांब मुलखात गेलो. सोनाराच्या दुकानातला केर जाळायचा, राख धुवायची, कणभर सोनं काढायचं. रात्री भट्टी निवली की पुस्तक उघडायचो. इंग्रजी असलं तर शब्दकोश शेजारी. हेरगिरीच्या पुस्तकांत राख फार निघायची. युद्धकैद्यांच्या पुस्तकांत मात्र कण सापडायचे. पहारा कधी बदलतो, भिंत कुठं पोकळ वाजते, कुठला शिपाई दोन शब्द बोलतो, हे कैदी दिवसरात्र टिपत असतो. कैदीही हेरच, फक्त त्याच्या बातमीला बाहेर जायला वाट नसते.

वैमानिक धीरेंद्र जाफांचं 'डेथ वॉझन्ट पेनफुल' तसंच. १९७१च्या युद्धात विमान पडून ते पाकिस्तानच्या हाती लागले आणि रावळपिंडीच्या कैदेत पडले. त्याच कैदेतून ऑगस्ट १९७२मध्ये त्यांचे सोबती दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंत फोडून निसटले. ती हकीकत फेथ जॉन्स्टन यांच्या 'फोर माइल्स टु फ्रीडम'मध्ये आहे. तिघं लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण हद्द हाकेवर. तिथं त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. ते स्टेशन १९३२पासून बंद! तिथंच संशय आला आणि तिघं पकडले गेले. भिंत फोडली, पेशावर गाठलं, आणि घात केला तो चाळीस वर्षं शिळ्या माहितीनं.

ते पान वाचलं आणि मला बाणूरगड आठवला. हाच भूपाळगड. १६७९मध्ये मुघल सरदार दिलेरखानानं तो घेतला आणि हाती लागलेल्या ७०० माणसांचा एकेक हात तोडला. त्यांतल्या कुणाचं पुस्तक नाही. हेराचंही नाही, कैद्यांचंही नाही. दोघांचा मिळून एक गड आहे.

भाचा सैन्यभरतीची तयारी करतोय. म्हणाला, "मामा, लढाईवरचं झ्याक पुस्तक सांगा की." मी तिन्ही दिली. आधी सभासद, मग जाफा, मग परुळकरांची हकीकत.

परवा त्याचा फोन आला. "मामा, ते स्टेशन बंद हाय, एवढं त्यास्नी कुणीच सांगितलं न्हाई?"

"एवढं सांगणाऱ्याचीच तर गडावर समाधी आहे," मी म्हणालो.