काळोखातला आकडा

अमावास्येच्या आसपासची रात्र. शिडाची बोट रत्नागिरीच्या पश्चिमेला, किनाऱ्यालगतचं उथळ पाणी केव्हाच मागे टाकून चाललेली. नकाशाप्रमाणे खाली दोन हजार मीटर पाणी आहे. सुकाणूजवळच्या खोलीमापक यंत्राच्या पडद्यावर मात्र मीटरमधला आकडा उजळतो : २८. मग ३१. मग २६. दिवस असता तर पाण्याचा रंग पाहता आला असता, पुढे कुठे लाट फुटते आहे का तेही दिसलं असतं. रात्री तो आकडा एकटाच बोलतो. त्याला दुजोरा देणारं किंवा खोडून काढणारं दुसरं काही समोर नसतं.

आमच्या पोलादाच्या गावापासून, भिलाईपासून, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडे पाणी म्हणजे मरोदा जलाशय. तरीही त्या आकड्याशी या गावाचं नातं आहे, आणि ते मला मनापासून जवळचं वाटतं. जाड पोलादी प्लेट जहाजाच्या कामाला जाण्याआधी तिच्या अंगात ध्वनी सोडून ती तपासतात. प्रोब प्लेटवर टेकवायचा, मधे पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर ठेवायचा, कारण हवेची फट राहिली तर ध्वनी आत शिरतच नाही. प्रोबमधला स्फटिक थरथरतो, कानाला न कळणारा ध्वनी आत जातो, पलीकडच्या पृष्ठावर आदळून परत येतो. २५ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये ही ये-जा साधारण साडेआठ मायक्रोसेकंदांत आटोपते. त्याआधीच कुठून उत्तर आलं, तर प्लेटच्या पोटात पापुद्रा सुटला असण्याची शंका घ्यायची. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे.

धातूतले दोष असे ध्वनीने शोधता येतील, ही कल्पना १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या सर्गेई सोकोलोव्ह यांनी मांडली. पुढे १९५५ मध्ये त्याच सोव्हिएत देशाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. समुद्राकडची वाट त्याआधीची. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर अलेक्झांडर बेम हे जर्मन गृहस्थ हिमनग ध्वनीने हेरता येतील का, या खटपटीला लागले आणि त्यांच्या हाती आलं ते समुद्राची खोली काढण्याचं तंत्र. पोलाद आणि पाणी यांच्याशी माणूस एकाच भाषेत बोलू लागला, हे मला विसाव्या शतकातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

या भाषेत खोली नावाची गोष्ट नाही. यंत्र मोजतं ती वेळ. हाक दिली, उत्तर आलं, मधे किती वेळ गेला. बाकीचा हिशोब ध्वनीचा वेग धरून केलेला. पाण्यात तो वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर. समजा, यंत्र दर अर्ध्या सेकंदाला हाक देतं आणि तळ ४०० मीटरवर आहे. पहिल्या हाकेचं उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त लागतं. तोवर दुसरी हाक गेलेली असते. यंत्राला वाटतं, उत्तर या दुसरीचंच, आणि पडद्यावर ४०० ऐवजी २५ उमटतात. पोलादाच्या तपासणीतही अशी भुतं दिसतात. तिथला अनुभवी माणूस हाकांमधलं अंतर बदलून बघतो. खरा दोष जागचा हलत नाही, भूत सरकतं. बोटीवरही हाच उपाय चालतो : पल्ला, म्हणजे यंत्र किती खोलवर पाहतं ते, बदला; त्यासोबत हाकांमधलं अंतरही बदलतं. मग आकडा उडी मारतो का पाहा.

पण कधी कधी पल्ला बदलूनही आकडा जागीच राहतो, आणि खाली तळ नसतो. तिथे माझं कुतूहल सगळ्यात जास्त रेंगाळतं.

१९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ध्वनीचे प्रयोग करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना खोल समुद्रात, तीनशे मीटरांच्या आगेमागे, एक आडवा थर सापडला. तळ त्याच्या कितीतरी खाली होता. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने दाखवलं की हा थर संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो. दगड-वाळू असं करत नाही. तो थर जिवंत होता : लहान मासे, कोळंबीसारखे जीव, माखल्यांची पिल्लं. त्यातल्या कित्येक माशांच्या पोटात हवेची इवली पिशवी असते आणि पाण्यातला ध्वनी हवेला भेटला की उलटून येतो. प्लेटवरची हवेची फट ध्वनीला आत घेत नाही, त्याच कारणाने.

आपल्या अरबी समुद्रात तर हा कारभार फार मोठा आहे. सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत इथल्या पाण्यात प्राणवायू अतिशय कमी. लँटर्नफिशचे प्रचंड थवे दिवसा त्या गुदमरत्या अंधारात दडून राहतात, कारण मोठ्या शिकाऱ्यांना तिथे वावरणं कठीण जातं. सूर्य बुडाला की ते चरायला वर येतात. बोटीवरच्या लहान यंत्राची हाक भर समुद्रात तळापर्यंत पोचत नाही. दिवसभर पडद्यावर नुसत्या रेघा असतात. रात्री हे थवे हाकेच्या टप्प्यात येतात आणि २८ उमटतो. त्या आकड्याला चुकीचा म्हणायला माझं मन घेत नाही. खाली खरोखर कुणीतरी आहे आणि त्याने उत्तर दिलं आहे.

जुन्या सागरी नकाशांवर भर समुद्रात काही उथळ जागा दाखवलेल्या असत आणि शेजारी शेरा असे : अस्तित्व संशयास्पद. त्यांतल्या काही अशाच जिवंत थरांनी उठवलेल्या होत्या. तरीही कुणीतरी तिथे जाऊन मोजणी केल्याशिवाय नकाशाकार त्या पुसत नसत. ही सावधगिरी मला योग्य वाटते, कारण आंग्रिया बँक.

विजयदुर्गपासून समुद्रात साधारण शंभर किलोमीटरवर हे बुडालेलं पठार आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब, माथ्यावर प्रवाळ. नाव सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं. तिथे तळ वीस मीटरांपर्यंत वर येतो आणि पलीकडे समुद्र झपाट्याने खोल होतो. भूत समजून आकडा झटकण्याची सवय लागलेल्या माणसाला इथेही २८ दिसतील, आणि ते खऱ्या खडकाचे असतील. वीस मीटर पाण्यात शिडाची बोट तळाला लागत नाही. सवय मात्र तीच घेऊन माणूस पुढे एखाद्या खाडीच्या तोंडाशी येतो.

खाडीत उलटा घोळ होतो. कठीण तळ, थोडं पाणी : प्रतिध्वनी तळावरून पृष्ठावर, पुन्हा तळावर असा दोनदा फिरतो आणि पाच मीटरचे दहा दिसतात. निर्दोष प्लेटमध्ये अशी समान अंतरावरची उत्तरांची रांग म्हणजे दिलासा. खाडीत तीच बोट रुतवते. खोट्या उथळपणाने झोप उडते, खोट्या खोलीने बोट जाते. म्हणून किनाऱ्याजवळ मी दुसऱ्या प्रकाराला जास्त भितो.

यंत्र येण्याआधी दोरीला शिशाचं वजन बांधून खलाशी पाणी किती वाव आहे ते मोजत. वजनाच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी भरलेली. वर ओढलं की चरबीला चिकटून वाळू येई, चिखल येई, शिंपल्याचा चुरा येई. ते नकाशावरच्या नोंदीशी ताडून अंधारातही आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येत असे. आजच्या पडद्यावर आकडा येतो, चिखल येत नाही. लहान बोटीवर अशी एक दोरी अजूनही असावी, असं माझं ठाम मत आहे. खाडीत शिरताना ती टाकायला दोन मिनिटं लागतात. बाहेर, दोन हजार मीटरांवर, ती तळाला पोचणार नाही, पण तिथे गरज वेगळी असते : वेग कमी करायचा, जागा नकाशावर पुन्हा मांडायची, पल्ला बदलायचा आणि उजाडेपर्यंत आकडे वेळेसकट वहीत लिहीत राहायचं. पहाटे ते खोल खोल जाऊन नाहीसे झाले, तर रात्री खाली कोण होतं ते त्या वहीतच सापडतं.