तळेगांव ढमढेरे येथील दोन दिवस

तळेगांव म्हटलें कीं पुण्याकडील बहुतेक मंडळींच्या डोळ्यांपुढें दाभाड्यांचें तळेगांव उभें राहतें. तें रेल्वेच्या वाटेवर आहे व त्याच्या हवापाण्याची ख्यातीहि जुनी आहे. दुसरें तळेगांव शिरूर तालुक्यांत, वेळ नदीच्या कांठीं. त्याला ढमढेरे सरदारांचें नांव लागलेलें आहे आणि तेथें रेल्वे नाहीं. आमच्या घरीं मात्र तळेगांव म्हणजे हेंच. आमचे थोरले बंधु तेथील शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं तेथेंच घर बांधलें, व त्यांच्या पश्चात् वहिनी आणि पुतण्या तेथेंच राहिलीं. आमच्या मातोश्रींचें एक पत्र एकदां दाभाड्यांच्या गांवीं जाऊन तीन आठवड्यांनीं परत आलें होतें. त्याची थट्टा घरांत अजून चालते.

पुण्याहून नगर रस्त्यानें निघालें कीं भीमेच्या कांठीं कोरेगांव लागतें. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ तेथें नदीजवळ उभा आहे. आणि डावीकडे वढू बुद्रुकला वाट जाते, जेथें संभाजी महाराजांची समाधि आहे. पुढें सणसवाडीचे कारखाने, आणि मग शिक्रापूरचा चौक. रांजणगांवच्या महागणपतीस जाणारी मंडळी येथून सरळ जातात. डावीकडची वाट चाकणची, उजवीकडची तळेगांवची. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली मोटार पुण्याहून अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) गेली ती याच रस्त्यानें. आज या चौकांत उभें राहिलें तर मोटारींपेक्षां मालट्रकच अधिक दिसतात. कारखान्यांचे सुटे भाग, ऊस, कांदा, सिमेंट, सारें याच चौकांतून वळतें. आम्हांस येथें अर्धा तास खोळंबावें लागलें, व त्या अर्ध्या तासांत आमच्या खिशांतील एक पत्र आम्हीं दोनदां वाचून पाहिलें.

त्या पत्राची हकीकत अशी. आमचा पुतण्या बी. कॉम. झाला, दोन वर्षें पुण्यांत नोकरी केली, आणि एके दिवशीं कर्ज काढून जुना ट्रक घेऊन गांवीं आला. घरांत जें व्हावयाचें तें झालें. शिक्षकाचा मुलगा ट्रक हांकणार, हें वहिनींना महिनाभर पचलें नाहीं. पण मुलगा कष्टाळू. कालव्याच्या पाण्यावर या भागांत ऊस व भाजीपाला पिकूं लागला आहे, त्यामुळें भाडें मिळत गेलें व हप्ते फिटत गेले. यंदां क्लच घसरूं लागला, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या अंगानें तेल पाझरूं लागलें. त्यानें गाडी दूरच्या एका कारखान्यांत नेली. तेथें गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली, पुढचें व मागचें अशीं दोन्ही ऑइल सीलें नवीं घातल्याचें बिल दिलें. गाडी घरीं आली, आणि चौथ्या दिवशीं अंगणांत पुन्हा तेलाचा डाग! पुतण्यानें आम्हांस कळविलें कीं, काका, यांनीं जुनींच सीलें ठेवून नव्यांचे पैसे घेतले. तुम्ही कायद्याच्या भाषेंत एक पत्र लिहून द्या. आम्हीं तें लिहिलें. त्यांत 'फसवणूक' हा शब्द दोन ठिकाणीं होता, आणि खरें सांगावयाचें तर तो लिहितांना आम्हांस थोडें समाधानहि वाटलें होतें.

आम्ही पोहोंचलों तेव्हां वहिनी ओटीवर बसल्या होत्या. "भाऊजी, त्याला म्हणावं, विकून टाक तें धूड," हें त्यांचें पहिलें वाक्य. दुसऱ्या रात्रीं कांदा भरून पुण्याच्या मार्केट यार्डांत पहांटेपूर्वीं पोहोंचवावयाचा होता, आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावयाचा तर दोन दिवस गाडी उभी. न्हावऱ्याच्या रस्त्याला एक वृद्ध मिस्त्री राहतात, एस. टी. च्या डेपोंत त्यांची हयात गेली. त्यांना बोलावणें धाडलें होतें. आम्ही पत्र काढून पुतण्याच्या हातीं देणार, इतक्यांत ते आलेच.

त्यांनीं बिल पाहिलें नाहीं, तक्रार ऐकली नाहीं. ते डागापाशीं उकिडवे बसले, बोट बुडविलें आणि हुंगलें. "तेल कुठलं तें आधीं बघूं, मालक. दोष कुणाचा तें मागनं." मग त्यांनीं आम्हांसहि हुंगावयास लावलें. गंधकाचा उग्र वास आला. गिअरच्या दात्यांवर फार मोठा दाब येतो, म्हणून त्या तेलांत गंधकयुक्त द्रव्यें घालतात. तो वास एकदां ओळखला कीं विसरत नाहीं. एंजिनाचें तेल असतें तर तें काजळीनें काळें झालेलें असतें व वास जळकट आला असता. क्लच दाबण्याचें जें पातळ तेल असतें तें पाण्यांत मिसळून जातें, आणि रंगावर सांडलें तर रंगच उडवितें. रेडिएटरचें पाणी रंगीत व गुळचट असतें. तें विषारी असून कुत्रीं-मांजरें तें चाटतात, म्हणून अंगणांत सांडूं देऊं नये, असें ते जातां जातां म्हणाले. वहिनींनीं लगेच मांजराला आंत घेतलें.

आतां गिअरचें तेल खरें, पण तें कोठून? आमचें मत असें कीं, जेथें थेंब पडतो त्याच्या वरचें सील फुटलें. मिस्त्री हंसले. गाडी धांवते तेव्हां वारा तेलाला मागें ओढतो, फिरणारा दांडा तें चहूंकडे उडवितो. थेंब शेवटीं कोठें पडेल तें सांगतां येत नाहीं. शिवाय क्लचच्या पेटीच्या तळाशीं एक भोंक असतें. एंजिनाचें मागचें सील गळो कीं गिअरबॉक्सचें पुढचें, थेंब त्या एकाच भोंकांतून येतो. आणि गिअरबॉक्स उतरवितांना सांडलेलें तेल खांचाखोंचांत राहून चार दिवस ठिबकत राहतें, तें निराळेंच. म्हणून आधीं सारें धुवावयाचें.

गाडी सपाटीवर घेतली, चाकांना पुढेंमागें दगड लावले. (नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणाऱ्यास मिस्त्रींनीं जी शिवी दिली ती येथें छापतां येत नाहीं.) डिझेलनें पोट धुतलें, फडक्यानें कोरडें केलें, आणि वहिनींच्या कपाटांतील टाल्कम पावडरीचा डबा त्यावर रिकामा केला. गिअरबॉक्सच्या बाजूचा बूच उघडून बोट घातलें. तेल बरोबर भोंकाच्या खालच्या कडेला लागत होतें, अधिक नाहीं, उणें नाहीं. खालीं वर्तमानपत्रें अंथरलीं व सगळे झोंपावयास गेलों.

सकाळीं कागद कोरडे! पुतण्याचा चेहरा उजळला. मिस्त्रींचा मात्र गंभीर झाला. "उभ्या गाडीला गळत नाहीं, चालत्या गाडीला गळतं," ते म्हणाले, "म्हणजे कोण तरी आंतून ढकलतंय." गाडी रिकामीच न्हावऱ्याच्या रस्त्यानें पंधरा मैल नेऊन परत आणली. आम्ही पुतण्याशेजारीं बसलों होतों. हिरवे ऊंस, मधेंच माळरान, पण डोळ्यांपुढें तें पोटच. परत येतांच तिघेहि खालीं शिरलों. क्लचच्या पेटीवरची पावडर जशीच्या तशी पांढरी. मागच्या सीलापाशीं मात्र ओल्या तेलाची चंद्रकोर, आणि दांड्यानें उडविलेले शिंतोडे आडव्या पट्टीपर्यंत. मिस्त्रींनीं बॅटरीचा झोत टाकला. "सील नवं आहे, मालक. कड बघा, अजून चकाकतीय."

आम्ही पाहिलें. तें नवेंच होतें.

मग त्यांनीं गिअरबॉक्सच्या माथ्यावर हात नेला. तेथें लहानशा छत्रीसारखें एक टोपण असतें, त्याला ब्रीदर म्हणतात. गिअर फिरून तेल तापतें, आंतली हवा फुगते. ती या वाटेनें बाहेर पडावयाची. टोपणावर चिखल व ग्रीस यांचा थर दगडासारखा जमला होता. मिस्त्रींनीं पान्यानें तें हळूंच सैल केलें, आणि कुकरची शिट्टी अर्धवट निघावी तसा 'फुस्स' असा आवाज आम्हीं सगळ्यांनीं ऐकला. कोंडलेली हवा वाट मिळेना म्हणून तेलाला सीलाच्या ओठांतून बाहेर ढकलीत होती. जुनें सील त्यामुळेंच पाझरत होतें; तें बदललें, पण कारण तसेंच राहिल्यानें नव्याचीहि तीच गत झाली.

कारखान्यानें ब्रीदर पाहिला नाहीं ही त्यांची चूक खरीच. पण आमच्या पत्रांतली चूक ती नव्हे. आम्हीं ज्या माणसांना चोर म्हटलें होतें त्यांनीं सीलें घातलेलीं होतीं. दोन दिवसांनीं गिअरबॉक्स उतरवून तिसरें सील घातलें असतें, तरी तेल आलेंच असतें, व तोंवर पत्र पोहोंचून गेलें असतें.

ब्रीदर तारेनें साफ केला, डिझेलमध्यें धुतला, फुंकून पाहिला. पुन्हा पावडर, पुन्हा तेवढेच पंधरा मैल. या खेपेस सीलाच्या कडेला किंचित् ओलसरपणा. दाबानें सीलाचा ओठ थोडा दुखावला असेल, पांचशें किलोमीटर लक्ष ठेवा व तेलाची पातळी दर आठवड्यास बोटानें पाहा, असें मिस्त्रींनीं सांगितलें. मजुरी म्हणून त्यांनीं जें मागितलें त्यांत एक सीलहि आलें नसतें. वहिनींनीं त्यांना जेवूनच जाऊं दिलें.

तिसऱ्या प्रहरीं पुतण्यानें कारखान्याला फोन लावला. तो काय बोलतो तें ऐकण्यासाठीं आम्ही उगाचच ओटीवर घुटमळलों. "ब्रीदर बुजला होता, तेवढा पाहत जा," एवढेंच तो म्हणाला. पलीकडचा मनुष्य बराच वेळ कांहींतरी सांगत होता, व हा 'हो, हो' म्हणत होता. रात्रीं दहा वाजतां कांद्याचीं पोतीं भरलीं, आणि बारा वाजतां गाडी शिक्रापूरच्या चौकाकडे निघाली. वहिनी दिवा घेऊन अंगणांत गेल्या, गाडी उभी होती त्या जागेचे कागद उचलून उलटसुलट पाहिले, आणि आम्हांस विचारलें, "भाऊजी, तें पत्र कुठं आहे हो? चुलीला कागद हवाय."