‘ईयो’ची कैफियत

माझ्या मेजाच्या खणात शब्दांच्या चिठ्ठ्यांचे जे गठ्ठे आहेत, त्यांत इरोक्वा भाषाकुळातील ‘ईयो’ या धातूची चिठ्ठी इतक्या वेळा हाताळली गेली आहे की तिच्या कडा कापसासारख्या मऊ पडल्या आहेत. आणि संस्कृत व्याकरणाच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारख्या अभ्यासकाला त्या दूरच्या मुलखातील भाषांनी जे शिकवले, त्याचा मोठा भाग त्या एका चिठ्ठीवर मावतो.

हल्लीच्या न्यूयॉर्क राज्यात मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा व सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ नांदत होता. अठराव्या शतकात टस्करोरा त्यांत सहावे म्हणून सामील झाले. ‘इरोक्वा’ हे नाव परक्यांनी दिलेले; ते लोक स्वतःला लांबलचक घर बांधून एकत्र राहणारे म्हणवतात. आपल्या वर्णमालेतील प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण त्यांच्या बोलण्यात मुळातच नाहीत, त्यामुळे मेरी हे नाव मोहॉक मुखातून ‘वारी’ होऊन बाहेर पडते.

आता ‘ओहायो’ घ्या. सेनेका लोक ‘ओहीयो’ म्हणतात: आरंभी नपुंसकलिंगी प्रत्यय, मध्ये नदीवाचक अंश, अखेरीस ‘ईयो’, म्हणजे चांगले असणे, सुंदर असणे. फ्रेंचांनी त्याचे ‘सुंदर नदी’ असे भाषांतर केले, आणि आमचे वैयाकरणही त्याला कर्मधारय ठरवून मोकळे झाले असते. परंतु कर्मधारय झाला तरी तो अखेर नामच राहतो. येथे ‘ईयो’ हे क्रियापद असून नदी त्याच्या पोटात शिरली आहे. ‘ओहीयो’ हे संपूर्ण वाक्य आहे: नदी सुंदर आहे. नकाशावर ज्याला आपण स्थळनाम समजून बोट ठेवतो, ते कोणीतरी काठावर उभे राहून केलेले विधान आहे, हे प्रथम उमगले त्या दिवशी मला दुसरे काही वाचवले नाही.

१६३६ साली मोंमान्यी नावाचा गृहस्थ नव्या फ्रान्सचा गव्हर्नर होऊन क्वेबेकला आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘थोर पर्वत’ असा कळल्यावर तेथील लोकांनी आपल्या भाषेत त्याचे ‘ओनोंतियो’ केले. तो १६४८ साली पायउतार झाला, पण नाव हुद्द्यावर कायम राहिले: पुढचा प्रत्येक गव्हर्नर ओनोंतियो, आणि फ्रान्सचा बादशहा थोरला ओनोंतियो! यात विपरीत काही नाही, कारण संघाच्या पन्नास सरदारांची नावे अशीच चालत आली; धारक निवर्तला की कुळाची ज्येष्ठ माता वारस नेमते आणि तेच नाव त्याच्यावर येते. मात्र येथे ‘ईयो’चा अर्थ ‘थोर’ आहे. तोच मूळचा असावा आणि ‘सुंदर’ हा मागाहून उमलला असावा, असे मला वाटते. आपण ‘महानदी’ म्हणतो तेव्हा तरी आकार कोठे संपतो आणि आदर कोठे सुरू होतो, हे कोण सांगणार?

अशाच परंपरागत सरदारनावांपैकी एक ‘गान्योदाईयो’: सरोवर सुंदर आहे. ‘ओंटारियो’ या नावातही हेच दोन अंश, सरोवर आणि ‘ईयो’. सेनेकांच्या बोलीत मूळचा रेफ गळाल्याने नाते चटकन ओळखू येत नाही, इतकेच. हे नाव धारण करणारा सेनेका पुरुष, जमिनी गेलेल्या आणि मद्याने पोखरलेल्या आपल्या समाजात, १७९९ साली मरणासन्न होऊन पडला असता त्याला दर्शन घडले आणि तो धर्मोपदेशक झाला. ज्या नदीकाठी हे घडले तिला आपण अ‍ॅलेघेनी म्हणतो. सेनेकांना ती ओहीयोच, कारण अ‍ॅलेघेनी आणि ओहायो हे दोन्ही प्रवाह ते एकच नदी मानतात. त्याच्या उपदेशाचे नाव ‘गाईवीयो’: वार्ता शुभ आहे.

चिठ्ठीच्या तळाशी मी शेवटची नोंद केली ती कॅनडातील ग्रँड नदीकाठच्या एका शाळेची. ज्या मुलांच्या आजी-आजोबांना निवासी शाळांत मातृभाषा उच्चारल्याबद्दल शिक्षा होत असे, ती तेथे मोहॉक आणि कायुगा या भाषांतून शिकतात. शाळेचे नाव मोहॉकमध्ये ‘कावेनीयो’, कायुगात ‘गावेनीयो’, आणि ते घेताना ओठ एकदाही मिटावे लागत नाहीत: वाणी सुंदर आहे.