खिळ्याचे बेट आणि सोनेरी गुहा

धम्मसहल म्हटली की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर येते. थायलंडला जाणारी मंडळी बहुधा बँकॉकचे विहार पाहून परततात. आम्ही वस्तीतील चार कुटुंबे भिशीच्या पैशांतून तिकडे गेलो, तेव्हा दक्षिणेला उतरून फांग-न्गा उपसागरही पाहिला. बौद्ध माणसाने निसर्गाकडेही उघड्या डोळ्यांनी पाहावे, म्हणून हे चार शब्द.

फुकेट बेटावरून पूल ओलांडला की फांग-न्गा प्रांत लागतो. तेथील समुद्र सरकारने 1981 साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला. थायलंडमध्ये वर्ष बुद्धाब्दात मोजतात. इसवी सनात 543 मिळवायचे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हे उद्यान 2524 सालचे. सरकारी कागदावरसुद्धा तथागतांची कालगणना! आमची मुले रस्त्याने पाट्यांवरचे आकडे वजा करीत बसली.

धक्क्यावरून लांब शेपटीसारख्या इंजिनाची होडी निघते. दोन्ही बाजूंना तिवराचे दाट रान, आणि पुढे हिरव्या पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर. त्यातच 'को तापू' आहे. आपल्याकडे टापू म्हणजे बेट, पण थाई भाषेत 'को' म्हणजे बेट आणि 'तापू' म्हणजे खिळा. सुमारे 20 मीटर उंचीचा हा सुळका वर रुंद आणि पाण्याजवळ निमुळता आहे. कोणी समुद्रात खिळा ठोकून ठेवावा तसा!

हे कोणा देवाने ठोकलेले नाही. ही चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी शिंपले, प्रवाळ यांच्या थरांतून तयार झाली. पुढे ती वर उचलली गेली. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला वायू घेऊन किंचित आंबट होते व चुनखडी विरघळवते. खालून भरती-ओहोटी पायथा कुरतडते. म्हणून सुळका पायाशी बारीक झाला. एक दिवस तो पडेलही. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे भगवंतांनी सांगितले, ते येथे डोळ्यांना दिसते.

1974 साली एका जेम्स बाँडपटात हे बेट झळकले आणि जगभरची गर्दी लोटली. होड्या थेट पायथ्याला भिडू लागल्या. तेव्हा 1998 पासून सुळक्याजवळ होडी नेण्यास बंदी झाली. आता समोरच्या बेटाच्या वाळूवर उभे राहूनच पाहावे लागते. मुले जवळ जाण्याचा हट्ट करू लागली. आम्ही म्हणालो, "बाळांनो, लांबून पाहिले तर तुमच्या मुलांनाही दिसेल."

परतताना वाट सुवन खुहा या विहारात गेलो. सुवन खुहा म्हणजे आपली 'सुवर्ण गुहा', नाव ओळखीचेच! दारात माकडांची झुंबड, आणि आत भव्य गुहेत पहुडलेली सोनेरी बुद्धमूर्ती. शेजारी एक थाई आजी हात जोडून बसल्या होत्या. त्यांचा शब्द आम्हांला कळेना, आमचा त्यांना. पण आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणू लागताच त्यांनीही सूर धरला. उच्चार थोडे निराळे, पाली तीच! कोण, कुठले, कोणत्या जातीचे, हे त्या आजींनी विचारले नाही. डॉ. बाबासाहेबांनी 1956 साली आपल्याला केवढ्या मोठ्या घरात आणून बसवले, हे त्या क्षणी उमगले.

तिथे बसल्या बसल्या आपली लेणी आठवली. ती गुहा पाण्याने कोरली. आपली कार्ले, कान्हेरी मात्र माणसांनी काळ्या बेसॉल्टमध्ये छिन्नी-हातोड्याने कोरली. कार्ल्याच्या शिलालेखांत सुताराचे दान आहे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे. म्हणजे हा वारसा आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि कमाईचा! त्याच भिंतींवर आज कोणी बदाम कोरून नावे लिहितो, कोणी चैत्यासमोर वेफर्सची पाकिटे टाकतो. तिकडे निसर्गाने घडवलेल्या एका खिळ्यासाठी होड्या दूर ठेवतात. मग पूर्वजांनी हातांनी घडवलेल्या लेण्यांसाठी आपण काय करतो?

थायलंड सर्वांना परवडेल असे नाही. जाणे झालेच तर नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ बरा. पण कान्हेरीला जायला बोरिवलीपर्यंतची लोकल पुरते. या रविवारी मुलांना घेऊन जा. शिलालेख दाखवा, दान देणारे कोण होते ते सांगा, भिंतीला हात लावू देऊ नका. सोबत एक रिकामी पिशवी ठेवा आणि दिसेल तो कचरा भरून आणा. तीही वंदनाच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!