न उतरलेल्या जागेची बातमी

जानेवारी २००४. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच डेस्कवर बसायला लागलो होतो. नासाचं 'स्पिरिट' मंगळावर उतरल्याची एजन्सीची बातमी आली. भाषांतर केलं, हेडिंग दिलं, जागा कमी पडली म्हणून उतरण्याच्या पद्धतीचा परिच्छेद उडवला. मंगळावरच्या वाऱ्याचं आपल्या वाचकाला काय पडलंय!

खरी बातमी तिथंच होती, राव.

हे यान पॅराशूटला लोंबकळत येणार, शेवटी रॉकेटं पेटवून वेग मारणार आणि एअरबॅगांच्या गाठोड्यात उसळ्या खात थांबणार. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. मग वाऱ्याची भीती कसली? तर लोंबकळताना वाऱ्याने हिसका दिला की रॉकेटं तिरपी होतात, आणि तिरपी पेटली की यान आडवं भिरकावलं जातं. खाली दगड. एअरबॅग फाटली की खेळ खलास.

शास्त्रज्ञांची एक लाडकी जागा होती, मेलास कॅझ्मा. सुमारे ४ हजार किलोमीटर लांबीच्या व्हॅलिस मरीनरिस दरीच्या पोटात. थरांचे खडक, कदाचित जुन्या तळ्याचे. पण तिथला वारा कुणी मोजलाय? तोवर जमिनीवर तो मोजला होता दोन व्हायकिंग यानांनी आणि पाथफाइंडरने, म्हणजे मोजून तीन ठिकाणी. म्हणून दोन वेगळ्या गटांनी पृथ्वीच्या हवामानाचीच मॉडेलं घेतली, त्यात मंगळाची हवा, ऊन, चढउतार घातले आणि कॉम्प्युटरवर वारा वाहवला. दुपारी तापलेल्या उतारांमुळे दरीत फार जोराचे वारे निघाले. जागा रद्द. उलट एलिसियमचं सपाट मैदान यादीत आलं, ते तिथला वारा शांत म्हणून.

स्पिरिटला मिळालेलं गुसेव्ह विवरही पुरतं निर्धोक नव्हतंच. म्हणून उशिरा का होईना, एक कॅमेरा बसवला. उतरताना जमिनीचे तीन फोटो, त्यावरून आडव्या वेगाचा हिशोब, गरज पडली तर बाजूची छोटी रॉकेटं. गुसेव्हवर ती खरोखर पेटवावी लागली!

वीस वर्षं मी भूमिपूजनं आणि उद्घाटनं कव्हर करतोय. 'ही जागा नको' असा अभियंत्याचा शेरा किती फायलींत पडला असेल, आणि त्याची बातमी मी किती वेळा केली? आठवून बघितलं. एकही नाही.

मेलासमध्ये अजून कुणी उतरलेलं नाही.