चोरून घेतलेलें औषध

घरांतल्या माणसाचा मधुमेह आपण चारचौघांत सांगतों, मूळव्याधीची चर्चा तर पंगतींतहि निघते. परंतु उतारवयांत पुरुषाच्या सामर्थ्यास ओहोटी लागली तर ती गोष्ट त्याच्या पत्नीशींहि धड बोलली जात नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून असल्या विषयांवर उघड लिहिण्यास आरंभ केला, त्यास आतां शंभर वर्षें होत आलीं. लिहिणें सुरू झालें. घरांतलें बोलणें अजून व्हावयाचें आहे.

या मौनाची किंमत काय पडते, तें आम्ही आमच्या आप्तांच्याच घरीं पाहिलें. नात्यानें आमचे मामा. वय ६२, हृदयविकाराची तक्रार जुनी. छातींत कळ आली तर जिभेखालीं ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी देवघराशेजारच्या फडताळांत कायम असे, आणि तिची जागा नातवंडांनाहि पाठ होती. एका रात्रीं कळ आली. मामींनीं गोळी काढली, मुलगा धांवत आला, सून दाराशीं उभी. आणि मामांनीं तोंड घट्ट मिटून घेतलें! हा त्रागा आहे असें समजून मामी रागावूं लागल्या. शेवटीं मुलास जवळ ओढून ते त्याच्या कानांत कांहीं बोलले. संध्याकाळीं एका मित्रानें दिलेली सिल्डेनाफिलची गोळी त्यांनीं घेतली होती, आणि ती सॉर्बिट्रेटबरोबर चालत नाहीं एवढें त्यांनीं कोठेंसें वाचलें होतें. मुलानें इस्पितळांत पोंचतांच पहिल्या वाक्यांत तें सांगितलें. डॉक्टरांनीं त्या जातीचें औषध टाळून दुसरे उपचार केले आणि मामा वांचले. सून दाराशीं उभी आहे म्हणून ते गप्प राहिले असते तर?

हें असें कां व्हावें, तें समजून घेण्यासारखें आहे. रक्तवाहिन्या सैल करण्याकरितां शरीर नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु उत्पन्न करतें. त्याच्या योगानें एक द्रव्य तयार होऊन रक्तवाहिनी रुंदावते, आणि काम झाल्यावर दुसरें एक द्रव्य त्याला मोडून टाकतें. सिल्डेनाफिल हें मोडण्याचें काम अडवितें. सॉर्बिट्रेट तर तोच वायु शरीरास बाहेरून पुरवितें. एकानें नळ सोडावा आणि दुसऱ्यानें मोरी बुजवावी, तसा हा प्रकार. रक्तदाब एकाएकीं इतका उतरतो कीं मनुष्य दगावूं शकतो. नवल असें कीं हें औषध मूळ हृदयशूलासाठींच तपासलें जात होतें. छातीच्या दुखण्यावर फारसा गुण दिसेना, भलताच परिणाम मात्र दिसूं लागला, आणि १९९८ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंत त्यास परवानगी मिळाली. नायट्रिक ऑक्साइडवरील संशोधनाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें तेंहि त्याच वर्षीं. खुद्द आल्फ्रेड नोबेल यांस अखेरच्या काळांत वैद्यांनीं हृदयासाठीं नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलें होतें, म्हणजे ज्याचे सुरुंग करून त्यांनीं संपत्ति मिळविली तेंच!

आमचा गोळीस विरोध नाहीं. विरोध आहे तो ती चोरून घेण्यास. डॉक्टर बहुधा ५० मिलिग्रॅमपासून, आणि पासष्टीपुढील माणसास २५ पासून आरंभ करतात. दिवसांतून एकदांच, सुमारें तासभर आधीं. तुपातेलाचें जड जेवण झालेलें असल्यास ती उशीरा लागू पडते, म्हणून अधीर होऊन दुसरी घेऊं नये. मनांत इच्छाच नसेल तर गोळी ती उत्पन्न करीत नाहीं. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास, आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास, सॉर्बिट्रेटच्या जातीचें औषध देतां येत नाहीं. प्रोस्टेटसाठीं चालू असलेल्या कांहीं गोळ्यांबरोबरहि रक्तदाब उतरतो, तेव्हां तींहि नांवें डॉक्टरांस सांगावीं. ताठरता चार तासांहून अधिक टिकली किंवा एकाएकीं दिसेनासें झालें, तर लाज बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळ गांठावें.

चिठ्ठीवांचून ही गोळी विकूं नये असा आपल्याकडे नियम आहे. तो किती पाळला जातो तें वाचक जाणतातच. चिठ्ठीचा खरा लाभ निराळा आहे. त्या भागांतील रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असल्यामुळें बिघाड पुष्कळदां तेथें आधीं दिसतो आणि छातींत मागाहून. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मनाची खिन्नता, यांपैकीं मूळ कोणतें तें शोधणारा डॉक्टर एखादे वेळीं पुढील झटकाहि टाळतो. मित्राच्या खिशांतील गोळी हें काम करीत नाहीं.

‘वनस्पतिजन्य, निर्धोक’ म्हणून विकलीं जाणारीं चूर्णें हा आणखी एक सांपळा. वाजीकरण हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक आहे, त्या शास्त्राचा येथें कांहींच दोष नाहीं. परंतु अशा कित्येक पुड्यांत न सांगतां सिल्डेनाफिलच मिसळलेलें तपासणींत आढळलें आहे. ज्यानें गोळी घेतली तो निदान सांगूं तरी शकतो. पुडी घेणाऱ्यास आपण काय घेतलें हेंच ठाऊक नसतें.

हृदयविकार असलेल्या प्रत्येकास हें सुख वर्ज्य आहे असेंहि नाहीं. धाप न लागतां, छाती न दुखतां दोन जिने चढतां येतात का, असें डॉक्टर विचारतात, चालू औषधें पाहतात, आणि मग ठरवितात. त्या भेटीस पत्नीनेंहि बरोबर जावें. कारण रात्रीं दोन वाजतां, रोग्यानें काय घेतलें आहे असें कोणी विचारलें तर उत्तर देण्याची पाळी तिच्यावरच येते.