डाव्या हातातला पेला

आमच्या घरात दादीने एक नियम कधी सैल होऊ दिला नाही. खाणे-पिणे उजव्या हाताने. गेल्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना आमच्या 13 वर्षांच्या मुलाने पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला. दादी रागावली. त्याने तो खाली ठेवला, उजवा हात पुढे केला, पण कोपर पूर्ण सरळ होईना. मग तो रडला. आठ दिवसांपासून दुखत होते आणि त्याने सांगितले नव्हते.

का सांगितले नाही, हे विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही दोघे खूश होता."

शाळेच्या बेसबॉल संघात त्याची पिचर म्हणून निवड झाली होती. हा अमेरिकेचा खेळ वाटतो, पण आपल्या राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत तो आहे. जिल्ह्याच्या पुढे मजल मारली तर दहावीला सवलतीचे गुण मिळण्याची आशा असते. आम्ही दोघेही शिक्षक. गुणांचा मोह आम्हाला मुलांपेक्षा जास्त.

क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो. पिचर मात्र उंचवट्यावरच्या एका पट्टीला पाय लावून, कोपर वाकवून चेंडू फेकतो. मोठ्यांच्या खेळात ते अंतर 18.44 मीटर असते. "सर, वेग कमी पडतो," एवढेच तो घरी येऊन सांगायचा. घरातही तो आम्हाला सर आणि मॅडमच म्हणतो. पावसात शिवथरला कोरडे मैदान कुठले? खाचरांत भात उभा, बांधावर चिखल. आम्ही पडवी रिकामी केली आणि भिंतीवर खडूने चौकोन काढला. बेसबॉलचा चेंडू साधारण 145 ग्रॅमचा. क्रिकेटचा सीझन बॉल त्याहून जड, 160 ग्रॅमच्या आसपास. जड चेंडूने सराव केला की हलका आपोआप गोळीसारखा जाईल, असा आमचा हिशेब. अस्रनंतर रोज 100 चेंडू. मग 120. आम्ही वहीत आकडे लिहीत होतो आणि आकडा वाढला की शाबासकी देत होतो.

महाडच्या डॉक्टरांनी कोपराची आतली बाजू दाबली, तसा तो कळवळला. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथूनच हाड वाढते. स्नायू त्याला रोज ओढत राहिले तर तो थर दुखावतो. मोठ्या माणसाचा आधी स्नायू किंवा अस्थिबंध दुखतो, मुलाचे हे कोवळे हाड. डॉक्टरांनी दीड महिना चेंडूला हात लावायचा नाही, असे बजावले.

मग आम्ही वाचत बसलो. जिथे हा खेळ लहानपणापासून खेळतात, तिथे मुलाने एका दिवसात किती चेंडू टाकावेत याची मर्यादा ठरलेली आहे. अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांसाठी 85, तर 13 ते 16 वर्षांसाठी 95. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने 66 किंवा त्याहून अधिक टाकले तर पुढचे चार दिवस विश्रांती. आम्ही 120 टाकून घेत होतो, रोज, तेही जड चेंडूने.

दुसरी गोष्ट कळली ती याहून महत्त्वाची. वेग हातात नसतोच. तो पायांतून निघतो. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय टेकून घट्ट रोवला जातो, कंबर वळते, मग धड, मग खांदा आणि सगळ्यांत शेवटी हात. पाय आणि कंबर कमकुवत असतील तर त्यांची कसर कोपर भरून काढते. आम्ही ज्याला सराव म्हणत होतो, तो म्हणजे शेवटच्या माणसावर सगळ्यांचे ओझे टाकणे होते.

आपल्याच राज्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. मुंबईत सुधीर नाईक यांच्यासारखा मार्गदर्शक, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमधली मेहनत, आणि 2000 साली तो भारताकडून खेळला. पुढे संघातून बाहेर गेल्यावर 2006 साली तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला आणि परतला तो धाव आखूड करून. 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले, कसोटीत एकूण 311. धाव कमी केली, धार वाढली. पडवीत घाई करून असले काही घडत नाही.

त्या वर्षी आमचा मुलगा जिल्ह्याला गेला नाही. संघ अलिबागला निघाला तेव्हा तो एसटीच्या थांब्यावर सगळ्यांना सोडायला गेला. परत येऊन गप्प बसला. त्याची माफी मागणे आम्हाला सोपे गेले नाही. शिक्षकांना ती सवय नसते. पण मागितली.

आता भात कापून झाले आहे, खाचरे मोकळी आहेत. तो उठाबशा काढतो, चढावर धावतो, आठवड्यातून तीनच दिवस चेंडू टाकतो, तोही बेसबॉलचाच. वही अजून आहे. त्यात आता टाकलेल्या चेंडूंच्या शेजारी विश्रांतीचे दिवस आणि "दुखते का?" असा एक रकाना आहे. तो रकाना आम्ही भरत नाही, तोच भरतो.

मुलांचे शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, असे आपण म्हणतो. आमच्या घरी ती दादीने सांभाळली. तिने वेग पाहिला नव्हता, पेला कोणत्या हातात आहे एवढेच पाहिले होते.